जुन्या लाकडाला नवा हात

घर आवरायला काढले, की एका वस्तूपाशी येऊन सगळ्यांचे हात थांबतात. कोणाकडे ती वेताची जाळी फाटलेली आरामखुर्ची असते, कोणाकडे एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून उभे ठेवलेले टेबल, तर कोणाकडे दार लावताना गुडघा टेकवावा लागतो असे कपाट. घरातल्या तरुण मंडळींच्या लेखी ती अडगळ असते. आजोबांच्या लेखी ती त्यांच्या वडिलांची उरलेली एकुलती एक खूण असते. भंगारवाला ती नुसती उचलून पाहतो आणि जळाऊ लाकडाच्या भावाने किंमत सांगतो. या सगळ्या वादात ज्याचे मत सर्वांत आधी घ्यायला हवे, त्या सुताराला मात्र कोणी विचारत नाही. तो आला असता तर त्याने ती खुर्ची आधी उलटी केली असती. बैठकीच्या खाली, जिथे रंगाचा ब्रश सहसा पोचत नाही, तिथे नख मारून पाहिले असते आणि मगच हे लाकूड कसले आहे व त्याचे काय करावे ते सांगितले असते.

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा जास्त घरांत पडतो आहे. मुंबई-पुण्यातल्या चाळी, वाडे, तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्या पुनर्विकासात जात आहेत. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आजीचे शिसवी कपाट मावत नाही आणि नव्या दिवाणखान्यात पणजोबांचे टेबल ‘बसत’ नाही. मग दोन पिढ्यांचे सामान एका टेम्पोत भरून दुपारी निघून जाते. गंमत अशी, की त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या घरातले नवे जोडपे जुन्या बाजारातून नेमके तसलेच कपाट शोधून आणते, त्याला निळा किंवा पिस्ता रंग देते, खुर्च्यांवर नवे कापड चढवते आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते. म्हणजे जुन्या सामानाला गिऱ्हाईक नाही असे नाही. आपल्या घरातल्या वस्तूची किंमत आपल्याला कळत नाही आणि दुसऱ्याच्या घरातून आणलेल्या वस्तूवर आपण नको तेवढा रंग ओततो, एवढेच.

म्हणूनच ‘जुने ते सोने’ म्हणून गहिवरण्याआधी आणि रंगाचा डबा उघडण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. या वस्तूत राखण्यासारखे काय आहे, ही पहिली. आणि आपण जे करणार आहोत ते पुढच्या माणसाला उलटवता येईल का, ही दुसरी. दुसरी गोष्ट फारसे कोणी पाहत नाही, पण खरी मेख तिथेच आहे.

पाटावरून खुर्चीवर

आपल्या घरांत खुर्ची तशी उशिरानेच आली. पाट, चौरंग, भिंतीतले फडताळ, कपड्यांचा पेटारा, बैठकीवर लोड-तक्के आणि ओसरीवर झोपाळा एवढ्यावर भरल्या घराचा संसार चालत असे. ‘अलमारी’ हा शब्दच मुळी पोर्तुगीजांच्या ‘आर्मारियो’वरून आलेला. इंग्रजी अमदानीत कचेरी, शाळा आणि दवाखाना यांच्याबरोबर टेबल-खुर्ची आली. तिथून ती वकिलांच्या, डॉक्टरांच्या, हेडमास्तरांच्या घरी शिरली आणि मग हळूहळू सर्वांच्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडावर दाट कोरीवकाम केलेल्या फर्निचरचा मोठा धंदा उभा राहिला. ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ या नावाने ते परदेशांतही ओळखले जाई. जुन्या पारशी घरांतून ते आजही पाहायला मिळते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत शिसवी चौकट आणि वेताची विणलेली पाठ अशी जोडी जमली.

मध्यमवर्गाने मात्र सागवानावर भिस्त ठेवली. ब्रह्मदेशाचा साग बोटीने येई आणि आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडचा साग रेल्वेने. लाकडाच्या वखारीत या दुसऱ्या सागाला आजही ‘सीपी टीक’ म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत नकाशावरून जाऊन सत्तर वर्षांवर काळ लोटला, लाकडाच्या नावात तो तेवढा शिल्लक आहे. सागाच्या अंगात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे त्याचा गाभा वाळवीला सहजी दाद देत नाही आणि दमट हवेतही फारसा फुगत-आकसत नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पन्नास पावसाळे काढलेले कपाट ठणठणीत राहते ते यामुळे.

आणखी एक खुर्ची आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे: इराण्याच्या हॉटेलातली, गोल बैठकीची, वळवलेल्या लाकडाच्या पाठीची. तिचा मूळपुरुष म्हणजे जर्मनीत जन्मलेला आणि व्हिएन्नात नावारूपाला आलेला सुतार मिखाएल थोनेट (१७९६–१८७१). बीचच्या लाकडाच्या कांबी वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायच्या, ही त्याची युक्ती. त्याची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची अवघ्या सहा लाकडी भागांची होती; दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर ती जोडता येई. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. म्हणून ती जगभर पोचली आणि तिच्या जातीच्या खुर्च्या मुंबई-पुण्याच्या इराण्यांकडे येऊन विसावल्या. मुंबईत १९०४ साली सुरू झालेल्या कयानी अँड कंपनीसारख्या ठिकाणी अशा खुर्च्यांवर बसून कित्येक पिढ्यांनी बनमस्का खाल्ला आहे. एवढ्या वर्दळीत त्या टिकल्या कशा, याचे उत्तर त्या दहा स्क्रूंमध्ये आहे. जे सैल झाले ते आवळता येते, जे मोडले तेवढेच बदलता येते.

आपल्या जुन्या सुतारकामाचेही तत्त्व हेच होते. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि सांधा सरसाने चिकटवायचा. सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. गरम पाणी आणि वाफ मिळाली की तो सुटतो. वरून लाखेचे पॉलिश, ते स्पिरिटने विरघळते. बैठकीचे कापड बारीक चुकांनी ठोकलेले, ते उपसता येते. उघडता येणारी वस्तू दुरुस्त होते आणि दुरुस्त होणारी वस्तू टिकते, असे हे साधे गणित आहे.

आधी उलटी करा

मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जुनी वस्तू घ्यायला जाल, तेव्हा समोरच्या चकाकीवर जाऊ नका. ताज्या पॉलिशखाली बरेच काही झाकता येते. वरून कीर्तन आणि आतून तमाशा हा प्रकार लाकडातही असतो. घरातली वस्तू ठेवायची की काढायची हे ठरवतानाही हीच परीक्षा घ्यावी.

वस्तू उलटी करा, मागून पाहा, खण पूर्ण बाहेर काढा. खणाच्या कोपऱ्यात लाकडाचे दाते एकमेकांत गुंतवलेले दिसले तर काम जुन्या वळणाचे आहे. नुसते खिळे मारलेले असतील तर घाईचे. कपाटाची पाठ प्लायवूडची असली तरी हरकत नाही, पण चौकट आणि पाय भरीव लाकडाचे हवेत. भुश्याच्या दाबलेल्या फळीचे, म्हणजे पार्टिकल बोर्डचे, फर्निचर कडांना फुगलेले असेल तर त्यावर पैसे खर्च करू नयेत. पाणी प्यायलेली ती फळी पूर्ववत होत नाही आणि तिच्यात स्क्रू पुन्हा धरत नाही.

मग किडीकडे वळावे. बारीक भोके दिसली म्हणजे वस्तू टाकाऊ झाली असे नाही. कीड येऊन गेलेलीही असू शकते. वस्तूखाली आठवडाभर काळा कागद पसरून ठेवावा. त्यावर नवे पीठ पडले तर आत अजून अळी आहे. असे फर्निचर इतर सामानाजवळ न ठेवता आधी त्यावर लाकडाच्या किडीचे औषध करून घ्यावे. नुसता रंग लावल्याने आतली अळी मरत नाही, ती रंगाला भोक पाडून बाहेर येते. कीड बहुधा खोडाच्या बाहेरच्या पांढुरक्या थराला लागते, गाभ्याचे गडद लाकूड त्या मानाने सुरक्षित असते. गादीची खुर्ची वा सोफा असेल तर शिवणी उलगडून ढेकणांची खात्री करून घ्यावी. या पाहुण्यांना एकदा घरात घेतले, की ते भाड्याशिवाय राहतात आणि नोटिशीला दाद देत नाहीत.

शेवटी बसून पाहावे आणि हलवून पाहावे. खुर्ची डगमगत असेल तर घाबरू नये. सांधे सैल झालेली भक्कम लाकडाची खुर्ची हा खरे तर चांगला सौदा असतो. कारण तो दोष सर्वांत स्वस्तात निघतो.

सांधा आधी, रंग मागाहून

डगमगणाऱ्या खुर्चीत लांब खिळा ठोकणे हा घरगुती उपाय सर्वांत वाईट. खिळ्याने जीभ फाटते आणि पुढे सुतारालाही काही करता येत नाही. सैल सांधा पूर्ण मोकळा करावा, जुना वाळलेला सरस कोमट पाण्याने भिजवून खरवडून काढावा, लाकूड नीट वाळू द्यावे आणि मगच नवा डिंक लावून सांधा आवळून एक दिवस तसाच ठेवावा. जुन्या डिंकावर नवा डिंक धरत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५९ साली फेविकॉल बाजारात आला आणि सरस शिजवण्याचा वास सुतारांच्या अंगणातून हळूहळू गेला. पांढऱ्या डिंकाने काम सोपे झाले यात वाद नाही. मात्र त्याचा सांधा सरसाइतक्या सहजपणे उकलत नाही. मौल्यवान जुन्या वस्तूसाठी सरस वापरणारा सुतार अजून मिळत असेल तर त्याला धरून ठेवावे.

खणाच्या लाकडी पट्ट्यांवर मेणबत्ती घासली की अडकणारा खण सुरळीत सरकतो. दार खाली लोंबत असेल तर दाराला रंधा मारण्याआधी बिजागरीचे स्क्रू पाहावेत. नव्वद टक्के दोष तिथेच असतो, असे म्हटले तर कोणी सुतार रागावणार नाही. पितळी कड्या-मुठी जुन्याच ठेवाव्यात. चिंच-मिठाने घासलेली जुनी मूठ नव्या चकचकीत मुठीपेक्षा त्या कपाटाला अधिक शोभते.

रंग कुठे, पॉलिश कुठे

आता रंगाचा डबा. सागवान आणि शिसवी लाकडावर शक्यतो रंग देऊ नये, हा पहिला नियम. शिसवाचे नवे लाकूड आता सहजी मिळत नाही. डाल्बर्जिया वंशातल्या झाडांच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर २०१७ पासून ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आले आहे. अशा लाकडाच्या रेषा ऑइलपेंटखाली गाडून टाकणे म्हणजे पैठणीला गिलावा करण्यासारखे आहे. उलट हलक्या, मिश्र लाकडाच्या, ठिगळे लावलेल्या, डाग पडलेल्या वस्तूला रंग खुलवतो. पाइनचे कपाट, आंब्याच्या लाकडाचे स्टूल, मुलांची अभ्यासाची टेबले, बाल्कनीतला बाक यांना बिनदिक्कत रंगवावे.

चांगल्या लाकडाला रंग नको, पॉलिश हवे, पण कोणते? आडोशाच्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट चोळून पाहावे. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग आला, तर ते लाखेचे जुने पॉलिश आहे. झारखंड-छत्तीसगडकडच्या झाडांवर किड्यांनी केलेली लाख, तिच्या पातळ पापुद्र्यांचा चपडा, आणि तो विरघळवायला स्पिरिट: इतकेच त्याचे साहित्य. असे पॉलिश तासून काढायची गरज नसते. ते जुन्या थरातच विरघळून मिसळते, म्हणून स्वच्छ पुसून वरून दोन-चार हात मारले की लाकूड पुन्हा जिवंत होते. गरम कपाचे पांढरे वर्तुळ त्यावर उमटते हे खरे, पण एका हाताने पुन्हा जातेही. मेलामाइन किंवा पीयू पॉलिश पाण्याला आणि उष्णतेला जास्त दाद देत नाही, जेवणाच्या टेबलाला ते सोयीचे. मात्र पुढे ते काढायचे तर घासून काढण्याशिवाय इलाज नसतो.

पॉलिश पावसाळ्यात करू नये. हवेतल्या दमटपणाने लाखेवर पांढुरकी झाक येते आणि कितीही हात मारले तरी ती झाकली जात नाही. लग्न आषाढाच्या आधी आणि दिवाळी तोंडावर आली म्हणून घाईने काम काढण्यापेक्षा दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस उत्तम. पॉलिशचे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि शेगडी-उदबत्ती दूर ठेवून करावे, कारण स्पिरिट चटकन पेट घेते. जवसाच्या तेलाने पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेटू शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

रंगकामात नव्वद टक्के श्रम रंगाआधीचे असतात. वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन चिकट मेणचट थर काढावा, वाळवावी, मग जाड पॉलिशपेपरने आणि नंतर १२० व २२० नंबरच्या बारीक पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावी. खड्डे पुट्टीने भरावेत, प्रायमरचा हात द्यावा, पुन्हा हलके घासावे आणि रंगाचे दोन किंवा तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला की ओघळ येतात आणि कडा चिकट राहतात. पांढऱ्या रंगातून लाकडाच्या गाठींचे पिवळे डाग वर येतात. तिथे आधी लाखेचा हात दिला की ते थांबतात.

इथे एक इशारा मात्र घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्याआधी रंगवलेला पाळणा, पलंग वा खुर्ची कोरडी घासली तर त्या धुळीतून शिसे श्वासात आणि मुलांच्या पोटात जाऊ शकते, आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक असते. असा रंग पाण्याच्या पेपरने ओला ठेवूनच घासावा, नाकाला चांगला मास्क लावावा, गरोदर स्त्रिया आणि मुले यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि धूळ झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

आणि लाकडाच्या चर्चेत लोखंडी कपाटाला विसरून चालणार नाही. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटे करायला सुरुवात केली आणि पुढे लग्नात मुलीला दिलेले कपाट हा मराठी संसाराचा एक खांबच झाला. त्याचा गंज घासून, रेड ऑक्साइड प्रायमर देऊन आणि फवाऱ्याने ड्युको रंग मारून घेतला की ते आणखी एक पिढी सहज काढते. आरसा तडकला असेल तर तो बदलता येतो. आत दारावर चिकटवलेल्या टिकल्या तेवढ्या खरवडू नयेत.

बैठकीचे गणित

वेताची बैठक खाली लोंबायला लागली, पण तुटलेली नसेल, तर कारागीर बोलावण्याआधी एक उपाय करून पाहावा. खुर्ची उलटी करून जाळी खालच्या बाजूने कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवावी आणि रात्रभर सावलीत वाळू द्यावी. वरच्या बाजूला वेताची चकचकीत साल असते, तिच्यातून पाणी मुरत नाही. खालून ते मुरते आणि वाळताना वेत आकसून ताठ होतो. जाळी तुटलीच असेल तर मात्र नवी विणावी लागते. भिजवून मऊ केलेल्या पट्ट्या आधी उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या आणि शेवटी दोन्हीकडून तिरप्या, अशा सहा फेऱ्यांतून ती अष्टकोनी नक्षी उमटते. एका बैठकीला कारागिराचा दिवस-दीड दिवस सहज जातो. हे काम बोटांच्या स्पर्शाने चालते, म्हणून दृष्टिहीनांना ते शिकवण्याची परंपरा आपल्याकडे आहे आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्याच्या जागांवर त्यांना नेमलेही जाई. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तसे ते काम आटले. अंधांच्या संस्थेत चौकशी केली तर खुर्चीही विणून मिळेल आणि एखाद्या हाताला कामही.

सोफ्याची गोष्ट वेगळी. जुन्या सोफ्यात तागाच्या पट्ट्यांवर स्प्रिंगा सुतळीने आठ दिशांनी बांधलेल्या असत आणि वर काथ्या, कापूस किंवा घोड्याचे केस यांचा थर. स्प्रिंगा शाबूत असतील तर सोफेवाल्याला त्या काढू देऊ नयेत. पट्ट्या आणि सुतळ्या नव्या करून घ्याव्यात. फोम घालायचा असेल तर फक्त जाडी विचारू नये, घनता विचारावी. बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम आणि पाठीला ३२ चा, असा साधारण हिशेब धरावा. हलका फोम दुकानात मऊ लागतो आणि वर्षभरात त्याचा खड्डा होतो.

कापड घेण्यापूर्वी मापे घ्यावीत. समजा, जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या आहेत आणि बैठक १८ इंच चौरस आहे. दुमडायला धरून प्रत्येकीला २४ इंच चौरस तुकडा लागेल. सोफ्याच्या कापडाचा पन्हा ५४ इंच असतो, म्हणजे आडव्यात दोन तुकडे बसतील. सहा खुर्च्यांना तीन ओळी, ७२ इंच, अर्थात साधारण दोन मीटर. मोठी फुले किंवा चौकडी जुळवायची असेल तर थोडे जास्त. एवढे गणित घरी करून गेले की दुकानदार चार मीटर गळ्यात मारू शकत नाही. सरकती बैठक चार स्क्रूंवर बसवलेली असेल, तर हे काम एका रविवारच्या दुपारी घरच्या घरी होते, आणि मुलांनाही त्यात हात घालू द्यावा. जाड खादी, हातमागाचे जाजम, सोलापुरी चादर ही सगळी बैठकीला टिकाऊ. खणाचे कापड दिसायला देखणे, पण पातळ. त्याला खाली जाड अस्तर हवे, नाहीतर ते उशांनाच बरे. आपल्या घामट हवेत रेक्झिनवर उघडे हात-पाय चिकटतात, हे एप्रिल-मे महिन्यांत आठवते, दुकानात आठवत नाही.

चार आण्याची कोंबडी

एवढे सगळे करून खर्च किती, हा प्रश्न कोणीही विचारील. खरे सांगायचे तर साध्या खुर्चीच्या बाबतीत चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. नवी तयार खुर्ची कित्येकदा दुरुस्तीपेक्षा स्वस्त मिळते. पण त्या दोन रकमा एकाच मापाने मोजू नयेत. नव्या खुर्चीच्या किमतीत कारखाना, जाहिरात आणि वाहतूक असते. दुरुस्तीच्या पैशातला मोठा वाटा एका माणसाच्या मजुरीचा असतो. शिवाय नव्या स्वस्त खुर्चीला पाच-सात वर्षांनी दुरुस्तीचा पर्यायच नसतो. सागवानी खुर्ची मात्र पुन्हा एकदा हात मागेल आणि पुन्हा एकदा उभी राहील. म्हणून भरीव लाकूड आणि चांगली घडण असेल तिथे खर्च करावा. हलक्या वस्तूला घरच्या घरी रंग द्यावा. आणि फुगलेल्या भुश्याच्या फळीला रामराम ठोकावा. भावनेपोटी सगळेच राखायचे म्हटले तर घराची वखार होते.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येऊ शकतो. तेव्हा आजीचे कोरीव कपाट न्यू जर्सीला पाठवण्याचे बेत करण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारपूस करावी.

मजुरीचा विषय निघालाच आहे तर तो अर्धवट सोडू नये. पॉलिशवाला, वेत विणणारा, स्प्रिंग बांधणारा सोफेवाला हे पूर्वी गल्लीत हाक मारत येत. आज त्यांना शोधावे लागते आणि सापडला तर त्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यात असतो. वस्तू टाकून देण्याची सवय लागली, की वस्तूबरोबर ती दुरुस्त करणारा हातही आपण टाकून देत असतो. मग पुढे एखाद्याला खरोखर राखायचे असेल तरी राखणारा उरत नाही.

पुढच्याला उघडता यावे

प्रत्येक पिढीने आपापल्या परीने जुने फर्निचर ‘नवे’ केले आहे. साधारण पन्नास वर्षांपूर्वी सनमायकाची हौस आली, तेव्हा कितीतरी घरांनी अस्सल सागवानी टेबलांवर गुलाबी आणि फिकट हिरव्या सनमायकाचे पत्रे चिकटवून घेतले. पुसायला सोपे, डाग पडत नाही, म्हणून गृहिणी खूश होत्या आणि त्या काळी ते योग्यही वाटले. आज त्यांच्याच नातवंडांनी सुताराला बोलावून तो सनमायका उचकटून काढला, की खालचे लाकूड डिंकाने आणि खरवड्यांनी जखमी झालेले निघते. आजचा पिस्ता रंग उद्याचा सनमायका ठरणार नाही, याची हमी कोण देणार?

म्हणून हौस जरूर करावी, पण परतीची वाट ठेवून. चांगल्या लाकडावर लाख द्यावी, ती काढता येते. हवाच असेल तर रंग द्यावा, पण खाली लाखेचा एक हात देऊन, म्हणजे पुढे रंग काढताना तो लाकडाच्या रंध्रांत अडकून बसत नाही. कापड चुकांनी ठोकावे, डिंकाने चिकटवू नये. कोरीव काम तासून सपाट करू नये, पाय कापून उंची कमी करू नये. कापलेला पाय परत येत नाही. जुनी मूठ बदललीच तर ती खणातल्या एका पुडीत घालून ठेवावी. आणि शक्य झाले तर कपाटाच्या पाठीला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने लिहून ठेवावे: कोणाचे, कधी घेतलेले, कोणत्या साली काय काम केले.

आपण वस्तूचे मालक असतो ते काही वर्षांपुरते. त्या खुर्चीवर आपल्याआधी कोणी बसले होते आणि आपल्यानंतर कोणी बसणार आहे. तो जो कोणी असेल त्याला आपल्या कामावर हसू येवो की कौतुक वाटो, ते त्याच्यावर सोडावे. त्याला ते काम उघडून पाहता आले पाहिजे, एवढी सोय आपण करून ठेवली तरी पुष्कळ झाले.